सरकारने कुठे थांबावं

मराठी वाचकाची अमेरिकेशी वैचारिक ओळख जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी जनतेला ती अर्पण केली. त्याआधी तरुणपणी त्यांच्या हाती टॉमस पेन आला होता. माणसाच्या हक्कांची भाषा त्यांनी तिथून उचलली. १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावसुद्धा अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या संघटनेवरून घेतलं. ही परंपरा आपल्या अभिमानाची आहे आणि असायलाच हवी. पण तिच्या सावलीत एक बाजू राहून गेली. पेनने ज्याला उत्तर म्हणून ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिलं, तो एडमंड बर्क मराठी वाचकापर्यंत फारसा पोचला नाही. राज्यशास्त्राच्या वर्गात त्याचं नाव निघतं, तेही परीक्षेपुरतं. त्याच्या विचारातून अमेरिकेत जी मोठी फळी उभी राहिली ती आपल्याला भेटते निवडणुकीच्या बातम्यांतून, आणि बातमीत माणसाचा आवाज ऐकू येतो, त्यामागचा विचार ऐकू येत नाही.

हे पुस्तक त्या राहून गेलेल्या बाजूबद्दल आहे. अमेरिकेतले परंपरावादी सरकारबद्दल, धर्माबद्दल आणि माणसाच्या मोकळिकीबद्दल दोनशे वर्षं काय म्हणत आले, हे इथल्या लेखांत आलं आहे. हे लेख आधी पडेगावात, रविवारी सकाळी भरणाऱ्या एका वाचक-बैठकीत वाचले गेले. ऐकणाऱ्यांत निवृत्त शिक्षक होते, वाळूजच्या कंपन्यांतले कामगार होते, कोर्टात जाणारे दोघे वकील होते, एक कीर्तनकार होते. अमेरिकेचं कशाला, आपलं बघा, असं त्यांतलं कुणीच म्हणालं नाही, कारण प्रत्येक लेखानंतर चर्चा आपोआप आपल्याच दारात येऊन उभी राहायची.

पडेगाव म्हणजे औरंगाबादची छावणी मागे टाकून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागलं की येणारी वस्ती. या एका रस्त्यावर तीन प्रकारचं सरकार भेटतं: छावणीत कॅन्टोन्मेंट बोर्ड, पडेगाव-मिटमिट्यात महापालिका, पुढे दौलताबादच्या किल्ल्यावर पुरातत्त्व खातं. शहराला जवळ नको असलेल्या गोष्टी इकडे येतात. महापालिकेचा कत्तलखाना इथे आहे. कचरा प्रक्रिया केंद्र इथे आहे. २०१८ च्या मार्चमध्ये नारेगावचा डेपो बंद पडला आणि कचऱ्याच्या गाड्या इकडे वळल्या, तेव्हा पडेगाव-मिटमिट्यात दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, अश्रुधुराची नळकांडी फुटली. सरकारने काय करावं आणि कुठे थांबावं हा प्रश्न इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही.

आता थोडं बर्कबद्दल, कारण पुढचं सगळं त्याच्यापासून फुटतं. फ्रान्समध्ये राजसत्ता कोसळत असताना १७९० साली त्याने इशारा दिला. पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या संस्था एका फटक्यात उपटल्या तर मोकळ्या झालेल्या जागी बळजबरी येऊन बसते, हा त्याचा गाभ्याचा मुद्दा. सरंजामदारांचा वकील म्हणून त्याची संभावना होते, ती मला अन्यायाची वाटते. याच माणसाने १७८८ पासून सात वर्षं वॉरन हेस्टिंग्जवरचा महाभियोग चालवला. हिंदुस्थानातल्या लोकांना त्यांचे कायदे, त्यांच्या रीती, त्यांची इभ्रत आहे आणि व्यापारी कंपनीला ती तुडवण्याचा अधिकार नाही, हे तो ब्रिटिश संसदेत घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिला. हेस्टिंग्ज १७९५ साली निर्दोष सुटला. पण सत्ता कुणाचीही असो, तिला हद्द असते, हा धागा बर्कने सोडला नाही, आणि अमेरिकेतल्या त्याच्या वारसांनी तोच उचलला.

त्या वारसांच्या विचाराला दोन पाय आहेत. एक धर्माचा, दुसरा मालमत्तेचा आणि बाजाराचा.

धर्माच्या बाबतीत आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे, की अमेरिकेत चर्च आणि सरकार वेगळं केलं ते धर्म न मानणाऱ्यांनी. इतिहास वेगळा आहे. १७६० आणि १७७० च्या दशकांत व्हर्जिनियात बॅप्टिस्ट पंथाचे प्रवचनकार तुरुंगात जात होते, का, तर सरकारी परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून. तिथलं अधिकृत चर्च इंग्लंडच्या राजाचं, बाकीच्यांनी परवाना घ्यावा. जेम्स मॅडिसन तेव्हा विशी ओलांडलेला तरुण होता आणि हे पाहून तो अस्वस्थ झाला होता. जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ साली व्हर्जिनियात मंजूर झाला तो मॅडिसनच्या खटपटीने आणि बॅप्टिस्टांच्या पाठबळावर. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत संसदेचे हात बांधले गेले: धर्म स्थापायचा नाही आणि धर्माचरण अडवायचंही नाही. सरकारपासून धर्म वाचवायचा, ही त्यातली श्रद्धावंतांची तळमळ होती. १८३१ साली फ्रान्सहून आलेला अलेक्सी द टोकव्हिल हे बघून चकित झाला. त्याच्या देशात धर्म आणि सत्ता हातात हात घालून चालत आणि दोघांचाही तिरस्कार होई. इथे पाद्री सत्तेपासून दूर राहत आणि देवळं भरलेली असत.

मराठवाड्याच्या माणसाला व्हर्जिनियाची ही गोष्ट परकी वाटू नये. निजामाच्या राज्यात उमूर-ए-मजहबी नावाचं स्वतंत्र खातं होतं. देऊळ बांधायचं, यज्ञशाळा उभारायची तर परवानगी लागे. गश्ती निशाण ५३ या फर्मानाने सभेलाही आधी परवानगी लागू लागली. १९३८-३९ चा आर्य समाजाचा सत्याग्रह याच मुद्द्यावर झाला आणि मराठवाड्यातून माणसं तुरुंगात गेली. त्याच सुमारास ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून औरंगाबाद आणि हैदराबादमधल्या विद्यार्थ्यांवर कारवाई झाली, वसतिगृहं त्यांना बंद झाली. प्रार्थनेला सरकारी परवाना लागणं म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलं आहे. १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो तेव्हा रझाकारांची आठवण निघते, ती निघायलाच हवी. या परवान्यांचीही निघावी असं मला मनापासून वाटतं.

आणि मग आजचं आपलं पाहावं. पंढरपूरचं देऊळ १९७३ च्या कायद्याने सरकारने हाती घेतलं. बडवे-उत्पातांचा दावा २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. त्यांच्याबद्दल वारकऱ्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या, त्या मी नाकारत नाही. शिर्डीचं संस्थान २००४ च्या कायद्याखाली चालतं आणि विश्वस्त नेमतं राज्य सरकार. न्यू जर्सीत किंवा शिकागोजवळ देऊळ बांधणाऱ्या मराठी कुटुंबांना हे समजावून सांगताना अडचण होते. तिथे देवळाला सरकारचा पैसा मिळत नाही, करात सूट मिळते, विश्वस्त सभासद निवडतात आणि गव्हर्नरच्या पक्षाचा माणूस गाभाऱ्याच्या कारभारात येत नाही. इकडे मात्र देवस्थानाच्या अध्यक्षपदाची वाटणी महामंडळांच्या वाटणीबरोबर होते, आणि धर्माभिमानी म्हणवणाऱ्या कुणाला त्यात वावगं दिसत नाही.

दुसरा पाय मालमत्तेचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पडेगावात या विषयाचा कागद घरोघरी आहे.

आमच्याकडे प्लॉट ‘बॉण्डवर’ घेतात. म्हणजे स्टॅम्प पेपर, त्यावर टाइप केलेला मजकूर, नोटरीचा गोल शिक्का, दोन साक्षीदार, आणि खाली चतुःसीमा: पूर्वेस वीस फुटी रस्ता, पश्चिमेस अमक्याचा प्लॉट, दक्षिणेस लिहून देणाराची शिल्लक जागा. सातबारावर नाव मूळ शेतकऱ्याचंच राहतं. शेत बिनशेती झालेलं नसतं. घर मात्र खरं असतं: विटा खऱ्या, पत्रे खरे, वीस वर्षांची बचत खरी. बायका तो बॉण्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली ठेवतात, सोबत घरपट्टीच्या पावत्या आणि लाइट बिलं. २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला. पैसे भरा, नियमित करून घ्या. काहींनी भरले, बहुतेकांना जमलं नाही. महापालिका अशा घरांकडून घरपट्टी घेते, पण पावतीवर घर राहणाऱ्याच्या नावाने नोंदलं तरी त्याची मालकी मान्य करत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात शहरभर रस्ता रुंदीकरणाची मोहीम निघाली आणि पडेगाव-मिटमिटा रस्त्यावरही पाडापाडी झाली. रस्ता रुंद व्हायला हवा होता, हे त्या रस्त्याने रोज जाणारा मी कबूल करतो. पण ज्या बाईचं पुढचं दुकान गेलं तिला मी एवढंच विचारताना ऐकलं, की कागद खोटा होता तर इतकी वर्षं पट्टी कशाची घेतली? तिच्या प्रश्नाला तिथे उभ्या असलेल्यांपैकी कुणाकडे उत्तर नव्हतं.

अमेरिकी परंपरावादी तिच्या बाजूने उभा राहिला असता. १७९१ च्या पाचव्या घटनादुरुस्तीत लिहिलं आहे की सार्वजनिक कामासाठी जागा घ्यायची तर रास्त मोबदला द्यावा लागेल. कनेटिकटमधल्या न्यू लंडन गावच्या सुझेट केलो या नर्सचं गुलाबी घर विकासासाठी घ्यायचं ठरलं. रस्ता नव्हता, शाळा नव्हती. खासगी उभारणी होणार, कर वाढेल, गावाचं भलं होईल, एवढंच कारण. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी गावाला परवानगी दिली. विरोधी निकालपत्रात न्यायमूर्ती क्लॅरन्स टॉमस यांनी लिहिलं की अशा विकासाचा बोजा गरिबांवर आणि ज्यांचा आवाज पोचत नाही अशांवर पडतो. त्यानंतर लोक इतके चिडले की चाळीसहून अधिक राज्यांनी आपापले कायदे कमी-अधिक बदलले. या लढ्यात डावे-उजवे एकत्र आले, पण झेंडा उजव्यांच्या हाती होता. आपल्याकडे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, तेव्हा तो जमीनदारांचा हक्क समजून काढला. त्याची खरी गरज पुढे गुंठाभर जागेवाल्याला लागणार आहे, हे कुणाच्या ध्यानी आलं नाही.

शेतीकडे वळलं की हाच प्रश्न आणखी तिखट होतो. महाराष्ट्रात १९७२ पासून जवळपास तीस वर्षं कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने पिकवलेला कापूस सरकारी यंत्रणेलाच घालायचा, व्यापाऱ्याला विकला किंवा राज्याबाहेर नेला तर गुन्हा. उसाला झोनबंदी, ज्वारीला लेव्ही. आणि कांद्याचं तर अगदी अलीकडेपर्यंत चालू होतं: २०२३ च्या ऑगस्टमध्ये चाळीस टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी, २०२४ च्या मेमध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, आणि ते पुरतं हटलं १ एप्रिल २०२५ ला. माल विकून घरी येताना खिशातून पैसे द्यावे लागतात त्या हिशोबाला शेतकरी ‘उलटी पट्टी’ म्हणतो. हा शब्द आपल्या बाजार समित्यांत रोजच्या वापरात आहे, यातच सगळं आलं.

या अनुभवातून महाराष्ट्राने एक माणूस उभा केला, ज्याला मी निःसंकोच जगातल्या मोठ्या स्वातंत्र्यवाद्यांच्या रांगेत बसवतो. शरद जोशी. स्वित्झर्लंडमधल्या बर्नची आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते १९७७ साली चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन राहिले. १९८० साली चाकणला आणि नाशिकला कांद्या-उसाची आंदोलनं झाली. सरकार प्रश्न सोडवत नाही, सरकार हाच प्रश्न आहे, ही त्यांची घोषणा. २० जानेवारी १९८१ ला रोनाल्ड रेगनने अध्यक्षपदाच्या पहिल्या भाषणात जवळपास हेच वाक्य उच्चारलं. फरक असा की रेगनच्या मागे गोल्डवॉटरचा १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीतला पराभव, अर्थशास्त्रज्ञ हायेकचे ग्रंथ, पंचवीस वर्षांची मासिकं आणि अभ्यासगट होते. जोशींच्या मागे होती कांद्याच्या ट्रॉल्या अडवून रस्त्यावर बसलेली माणसं. जागतिक व्यापाराच्या डंकेल प्रस्तावावर देशातले बहुतेक शेतकरी नेते विरोधात असताना त्यांनी खुल्या व्यापाराची बाजू घेतली, भारतीय शेतकऱ्याला मिळते ती सबसिडी उणे आहे हे आकडे मांडून दाखवलं, आणि शेवटपर्यंत त्यावरून हटले नाहीत.

अमेरिकेत हे दोन पाय एकत्र चालायला शिकले ते १९५० च्या दशकात. रसेल कर्कने १९५३ साली बर्कची परंपरा पुन्हा मांडली. विल्यम बकलीने १९५५ साली ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढलं. तिथे फ्रँक मायरने सांधा जुळवला: सद्गुण हवाच, पण जबरदस्तीने आणलेला सद्गुण सद्गुण राहत नाही. म्हणून सरकारने माणसाला मोकळं ठेवावं आणि त्याला वळण लावण्याचं काम घराने, देवळाने, शेजाराने करावं. या पुस्तकातला मायरवरचा लेख छोटा आहे, तरी मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे हे दोन पाय दोन वेगळ्या माणसांकडे गेले. पहिला टिळकांकडे, दुसरा जोशींकडे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेलं. आगरकर, रानडे, भांडारकर कायद्याच्या बाजूला होते. टिळक विरोधात होते. परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, सुधारणा समाजाने स्वतः करावी, हा त्यांचा युक्तिवाद. त्या आधी त्यांनी सुधारकांपुढे उलट प्रस्ताव ठेवला होता: ज्यांना सुधारणा हवी त्यांनी लेखी प्रतिज्ञा करावी, मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करणार नाही म्हणून, आणि ते बंधन सही करणाऱ्यांवरच असावं. मायरच्या चौकटीत हा युक्तिवाद चपखल बसतो. पण मला तो इथे मान्य नाही, आणि ते स्पष्ट सांगायला हवं. अकरा वर्षांच्या मुलीला सही करण्याचा अधिकारच नव्हता. जिला नाही म्हणता येत नाही तिच्या अंगाचं रक्षण करणं हे सर्वांत मर्यादित सरकारचंसुद्धा पहिलं काम आहे. आगरकर बरोबर होते.

स्वेच्छेने सुधारणा होऊच शकत नाही, असं मात्र नाही. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करून द्यावा, कुणाची सक्ती नाही. गावोगावच्या शेतकऱ्यांनी तलाठ्याकडे जाऊन तो करून दिला. टिळकांना जे सुधारकांकडून हवं होतं ते शंभर वर्षांनी धोतर-टोपीवाल्या शेतकऱ्यांनी करून दाखवलं, आणि आपल्या विचारवंतांनी त्याची दखल फारच थोडी घेतली.

आता कत्तलखान्याकडे येतो. गोवंश हत्याबंदीचं विधेयक महाराष्ट्राने १९९५ साली मंजूर केलं. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ते लागू झालं २०१५ च्या मार्चमध्ये. गाईबरोबर बैल आणि वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. माझ्या घरी पोळ्याला बैल पुजतात, मांस शिजत नाही, आणि गाईबद्दलची भावना मला समजावून सांगावी लागत नाही. तरीही या कायद्याने मर्यादित सरकार मागणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा घेतली. शेतकऱ्याचा म्हातारा बैल ही त्याची मालमत्ता आहे, तो विकून नवा घेताना त्याला भर पडते. भाकड जनावर दावणीला ठेवायचं तर वैरण कोण देणार? शेतकरी संघटनेच्या माणसांनी हे उघड विचारलं. धर्माच्या नावाने मतं मागणारे आणि बाजार मुक्त करा म्हणणारे, दोघेही गप्प राहिले. या कायद्यात एक कलम असं होतं की परराज्यातून आणलेलं मांस घरात सापडलं तरी गुन्हा, आणि दुसरं असं की निर्दोषपणा आरोपीनेच सिद्ध करावा. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक आणि सुरेश गुप्ते यांच्या खंडपीठाने बंदी कायम ठेवली, पण ही दोन्ही कलमं रद्द केली. माणूस आपल्या स्वयंपाकघरात काय शिजवतो तिथे सरकारचा हात पोचू नये, हा त्या निकालाचा आशय. मायर असता तर त्याने हा निकाल कापून जपून ठेवला असता. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी बंद ठेवली, तेव्हा आठवडी बाजारात जनावरं घेऊन आलेले शेतकरी तसेच परत गेले. पोळा तोंडावर होता. बाजारात उभा असलेला माणूस त्या दिवशी हिंदू की मुसलमान हे बघत नव्हता, गिऱ्हाईक बघत होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: सरकार मर्यादित हवं असेल तर ते आपल्या श्रद्धेच्या बाजूने येतं तेव्हाही मर्यादितच हवं. उमूर-ए-मजहबीची आठवण जर कटू असेल, तर त्याच खात्याची खुर्ची आपल्या माणसाला मिळाली म्हणून ती गोड होत नाही.

या विचारावर सर्वांत जड आक्षेप फुले-आंबेडकरांकडून येतो, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. अमेरिकी परंपरावादी म्हणतो, सरकार हटलं की समाज पुढे येतो: चर्च, शेजार, गाव. आपल्याकडे सरकार हटलं की पुढे येते जात. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनासमितीत गावगाड्याबद्दल जे कठोर उद्गार काढले ते अनुभवाचे होते. मराठवाड्याला याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावागावांत दलितांची घरं जळली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या घरांना लहान सरकार नको होतं, वेळेवर येणारा पोलीस हवा होता. अमेरिकेतही असंच झालं. राज्यांच्या हक्काच्या नावाखाली दक्षिणेत वर्णभेद जपला गेला. गोल्डवॉटरने १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं. ‘नॅशनल रिव्ह्यू’ने १९५७ साली दक्षिणेतल्या गोऱ्यांची बाजू घेतली आणि बकलींना पुढे त्याचा पश्चात्ताप झाला. हा डाग या पुस्तकातल्या लेखांनी लपवलेला नाही.

१९७२ चा दुष्काळही मी विसरत नाही. खडी फोडायची कामं, सुकडी, आणि त्यातून १९७७ साली कायद्यात उतरलेली रोजगार हमी. सरकार तेव्हा मागे सरलं असतं तर मराठवाड्यात माणसं मेली असती. मर्यादित याचा अर्थ दुबळं असा घेऊ नये. जीव, घर आणि न्याय यांच्या बाबतीत सरकार बळकट हवं, आणि त्यासाठीच त्याने बाकीच्या शंभर ठिकाणांहून हात काढून घ्यावा. एक गोष्ट अनेकांना नवी वाटेल: १५ नोव्हेंबर १९४८ ला के. टी. शहांनी घटनेत ‘समाजवादी’ शब्द घालायची सूचना केली तेव्हा आंबेडकरांनीच ती नाकारली. समाजाची घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, पुढच्या पिढ्यांचे हात घटनेने बांधू नयेत, असं कारण त्यांनी दिलं. स्वतः राज्य-समाजवादाची योजना मांडलेल्या माणसाने हे म्हणावं, यात त्यांचं मोठेपण आहे. तो शब्द आला १९७६ साली, आणीबाणीत.

आज अमेरिकेत मायरने जुळवलेला सांधा निखळतो आहे. खुल्या व्यापाराचा झेंडा ज्या पक्षाने पन्नास वर्षं मिरवला त्याच पक्षाच्या अध्यक्षाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. त्याच महिन्यात आपल्या केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं, कापड गिरण्यांना दिलासा म्हणून, आणि वेचणी तोंडावर आलेल्या मराठवाड्यातल्या कापूसवाल्याला त्याची झळ बसली. वॉशिंग्टनमधल्या उजव्यांचं भांडण सिल्लोडच्या कापसाच्या भावापर्यंत असं येतं. शेवटच्या तीन लेखांत या फुटीची दोन्ही बाजूंनी मांडणी आहे. मी जुन्या बाजूचा, व्यापार मोकळा ठेवणाऱ्यांचा. संपादकांनी नव्या बाजूलाही तेवढीच पानं दिली, हे योग्यच केलं.

पुस्तक कुठून वाचावं असं कुणी विचारलं तर बर्कपासून सुरू करू नका असं मी सांगेन, तो जड जातो. टोकव्हिलवरचा लेख आधी घ्या. त्यात न्यू इंग्लंडच्या गावसभांचं वर्णन आहे: रस्ता कुठून न्यायचा, शाळेला किती पैसे द्यायचे, गरिबांची सोय कोण बघणार, हे गावकरी जमून ठरवतात, आणि त्यासाठी माणसं निवडतात ती वर्षभरासाठी. आपल्या महापालिकेची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाने चालवलं. कचरा, पाणी, पाडापाडी, पट्टी, या सगळ्याचे निर्णय झाले आणि पडेगावच्या माणसाला ज्याच्या दाराशी जाऊन भांडता येईल असा नगरसेवक नव्हता. बैठकीत तो लेख वाचून झाला तेव्हा कीर्तनकारांनी विचारलं की तिथल्या गावसभेत बायकांना बोलायला मिळायचं का. टोकव्हिलच्या काळात तिथे बायकांना मत नव्हतं. ते ऐकून त्यांनी लेखात तशी ओळ घालायला सांगितली, आणि ती आता एकोणिसाव्या पानावर आहे.